आकाशातील रहदारी

बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत उसाच्या फडांवरून एखादे लहानसे विमान घरघरत जाताना पुष्कळदा दिसते. बारामतीच्या विमानतळावर गेली अनेक वर्षे वैमानिकांचे शिक्षण दिले जात आले आहे. तेथील विद्यार्थी दोन किंवा चार आसनांच्या विमानांतून उड्डाणाचे धडे गिरवतात. त्याच वेळी मान आणखी वर केली, तर कधीकधी निळ्या आकाशात एक पांढरी रेघ पुढे सरकताना दिसते. ते दहा किलोमीटर उंचीवरून जाणारे मोठे प्रवासी विमान होय. एकाच आकाशात एक शिकाऊ आणि एक दीडशे-दोनशे प्रवाशांना नेणारे, अशी ही दोन विमाने एकमेकांवर आदळत कशी नाहीत?

आकाश एवढे विशाल आहे की अशी टक्कर होणे जवळजवळ अशक्य, असे आपणांस प्रथम वाटते. पण विमाने आकाशभर सारखी विखुरलेली नसतात. जत्रेच्या दिवशी साऱ्या गाडीवाटा एकाच वेशीपाशी येऊन मिळतात, त्याप्रमाणे विमानांच्या वाटाही काही ठिकाणी एकत्र येतात. धावपट्टी हे असे पहिले ठिकाण. दुसरे ठिकाण मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. शिकाऊ वैमानिक जमिनीवरील खुणा पाहून मार्ग ओळखतो, आणि वरून ठळक दिसणाऱ्या खुणा थोड्याच असतात. या भागात नीरेचा डावा कालवा, पुणे-सोलापूर रस्ता आणि उजनी धरणाचे विस्तीर्ण पाणी या अशा खुणा होत. जी खूण एकाला सोयीची, तीच दुसऱ्यालाही सोयीची असते. शिवाय हैदराबाद, चेन्नई अशा शहरांकडून पुण्यास येणारी मोठी विमाने पूर्वेकडून व आग्नेयेकडून येतात, आणि मोठे विमान उतरण्यापूर्वी बहुधा दीडशे-दोनशे किलोमीटर आधीपासूनच खाली येऊ लागते.

म्हणून पहिला बंदोबस्त उंचीचा. पूर्वेच्या बाजूला जाणाऱ्या विमानाने विषम हजार फुटांवरून, म्हणजे ३३,००० किंवा ३५,००० फुटांवरून जावे, आणि पश्चिमेच्या बाजूला जाणाऱ्याने सम हजारांवरून जावे, असा नियम आहे. डोळ्यांनी पाहून उडणारी लहान विमाने त्यांत आणखी ५०० फूट मिळवतात. पूर्वेस जाताना ३,५०० किंवा ५,५०० आणि पश्चिमेस जाताना ४,५०० किंवा ६,५००. अशा रीतीने समोरासमोर येणारी विमाने एकाच पातळीवर येत नाहीत. पण विमानातील उंचीमापक हा वस्तुतः हवेचा दाब मोजणारे यंत्र आहे. दाबात एका मिलिबारचा फरक पडला, तर उंचीत सुमारे तीस फुटांचा फरक पडतो. तेव्हा एका भागातील सर्व वैमानिकांनी आपली यंत्रे एकाच दाबावर लावली पाहिजेत. तसे न केल्यास दोघेही नियम पाळत आहेत अशा समजुतीत राहतील आणि त्यांच्यातील अंतर मात्र घटलेले असेल.

दुसरा बंदोबस्त बोलण्याचा. मोठ्या विमानतळावर मनोऱ्यातील नियंत्रक रेडिओवरून प्रत्येक वैमानिकाला उंची व दिशा नेमून देतो. जेथे नियंत्रक नसतो, अशा लहान धावपट्टीभोवती वैमानिक ठरलेल्या लहरीवर आपण कोठे आहोत, किती उंचीवर आहोत व आता काय करणार आहोत, हे स्वतःच सांगतात. आणि इतरांचे ऐकतात. धावपट्टीभोवतीची फेरीही आयताकृती व ठरलेली असते, बहुधा डाव्या हाताला वळत जाणारी. त्यामुळे दुसरे विमान कोठे शोधावे, हे कळते.

नेमून दिलेली उंची पाळली गेली नाही, तर काय होते, हे आपल्या देशाने फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी दिल्लीहून निघालेले सौदी अरेबियाचे प्रचंड विमान १४,००० फुटांवर होते. दिल्लीकडे येणाऱ्या कझाकस्तानच्या विमानाला १५,००० फुटांवर थांबण्यास सांगितले होते. पण ते त्याच्याही खाली उतरले. हरियाणातील चरखी दादरीजवळ दोघांची टक्कर होऊन ३४९ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर भारतात मोठ्या विमानांवर टक्कर टाळण्याचे यंत्र बसवणे सक्तीचे झाले.

या यंत्राला टीकॅस म्हणतात. ते आसपासच्या विमानांना रेडिओने विचारणा करते, आणि त्या विमानांतील ट्रान्सपॉन्डर नावाचे उपकरण आपली उंची कळवून उत्तर देते. धोका दिसताच यंत्र वैमानिकाला वर चढ किंवा खाली उतर असे स्पष्ट शब्दांत सांगते. दोन्ही विमानांत हे यंत्र असेल, तर दोन्ही यंत्रे आपसांत ठरवून एकाला वर व दुसऱ्याला खाली पाठवतात. अट एवढीच, की दुसऱ्या विमानाने उत्तर दिले पाहिजे. ३१ ऑगस्ट १९८६ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ एक लहान विमान परवानगीवाचून मोठ्या विमानांच्या हद्दीत शिरले आणि मेक्सिकोच्या प्रवासी विमानावर आदळले. त्याचा ट्रान्सपॉन्डर उंची सांगणारा नव्हता. जमिनीवरील पंधरा जणांसह ८२ माणसे त्यात दगावली.

जेथे यंत्र मुके असते, तेथे अखेर डोळाच उरतो. परंतु डोळ्याचा कारभार दिसतो तितका सरळ नाही. ताशी ४६० किलोमीटर वेगाने उतरणारे प्रवासी विमान आणि समोरून ताशी १८० किलोमीटर वेगाने येणारे शिकाऊ विमान यांच्यातील अंतर दर सेकंदाला सुमारे १७८ मीटरने कमी होते. दुसरे विमान पाहणे, ते ओळखणे, धोका जाणणे, निर्णय घेणे आणि आपले विमान वळवणे, या सर्वांस मिळून सुमारे साडेबारा सेकंद लागतात. म्हणजे सव्वादोन किलोमीटर दूर असतानाच ते दिसावयास हवे. आणि तेवढ्या अंतरावरून ते लहान विमान हात लांब करून धरलेल्या ज्वारीच्या दाण्याहून मोठे दिसत नाही!

त्यातही एक चमत्कारिक गोष्ट आहे. तुम्ही सायकलवरून चौकाकडे निघाला आहात आणि आडव्या रस्त्याने उसाचा ट्रॅक्टर येत आहे, अशी कल्पना करा. तो तुमच्या नजरेत पुढे किंवा मागे सरकत असेल, तर दोघे चौकात एका वेळी पोहोचणार नाहीत. तो एकाच दिशेला खिळल्यासारखा राहून फक्त मोठा होत असेल, तर मात्र गाठ चौकातच पडणार. आकाशातही तसेच घडते. आपले डोळे हलणाऱ्या वस्तूकडे चटकन वेधले जातात. आणि खरे धोक्याचे विमान तर काचेवरील ठिपक्यासारखे स्थिर असते.

यासाठी विद्यार्थ्यास आकाशावरून नजर झरझर फिरवू देत नाहीत. आकाशाचे लहान लहान भाग कल्पून प्रत्येक भागावर क्षणभर नजर ठरवावयास शिकवतात, कारण फिरत्या नजरेला ठिपका दिसत नाही. अगदी समोरून विमान आले, तर दोघांनीही आपापल्या उजवीकडे वळावे, असा नियम आहे. ज्या विमानाचे पंख वैमानिकाच्या डोक्यावर असतात, त्याचा पंख वळताना खाली झुकतो आणि वळण्याची बाजूच झाकली जाते. म्हणून वैमानिक वळण्यापूर्वी त्या बाजूचा पंख जरासा उचलून पलीकडे पाहून घेतो. जमिनीवरून पाहणाऱ्याला ते विमान सरळ जाता जाता क्षणभर उगाच डोलल्यासारखे दिसते, आणि मग ते वळते.