कोंडेवाला कॅप्टन

‘हाय फायबर’ असे पुड्यावर ठळक छापलेली बिस्किटे रोज खाल्ली, तर भाकरीला सुट्टी देता येईल का, असा प्रश्न हल्ली बऱ्याच जणांना पडतो. उत्तर ‘नाही’ असेच आहे. पण ते का, हे कळायला थेट 1941 सालच्या एका ब्रिटिश युद्धनौकेवर जावे लागते.

‘किंग जॉर्ज पाचवा’ या नौकेवरचे खलाशी बद्धकोष्ठाने बेजार होते. नौकेवरचे डॉक्टर पीटर क्लीव्ह यांनी गव्हाच्या कोंड्याची पोती मागवली आणि खलाशांना तो खायला घातला. आरमारात त्यांना ‘कोंडेवाला’ हेच नाव पडले. पुढे कॅप्टन झालेल्या क्लीव्ह यांचे म्हणणे मात्र पोट साफ होण्यापुरते नव्हते. पांढरी साखर आणि मैदा यांमुळेच मधुमेह, हृदयविकार असे आजार ओढवतात, असे ते सांगत राहिले. वैद्यकजगताने फारसे मनावर घेतले नाही.

1967 च्या सुमारास रिचर्ड डॉल यांनी (धूम्रपान आणि कर्करोगाचा संबंध दाखवणारे तेच) डेनिस बर्किट यांची क्लीव्हशी गाठ घालून दिली. युगांडात वर्षानुवर्षे शस्त्रक्रिया केलेल्या बर्किटना चटकन जाणवले, की अपेंडिक्सचे दुखणे तिथल्या खेड्यांत अभावानेच दिसायचे. हा तिथल्या फायबरयुक्त जेवणाचा परिणाम असावा का, हे पाहायला त्यांनी सहकाऱ्यांसह चक्क शौच मोजायला घेतले. लोकांना क्ष-किरणांत दिसणाऱ्या बारीक गोळ्या गिळायला द्यायच्या, विष्ठा पिशव्यांत गोळा करायची आणि पिशव्यांचाच एक्स-रे काढायचा! 1972 साली आकडे छापून आले. ब्रिटिश नौसैनिक आणि त्यांच्या बायकांच्या पोटातून अन्न बाहेर पडायला सुमारे 83 तास लागत, दिवसाची विष्ठा जेमतेम 104 ग्रॅम. युगांडातल्या खेडुतांचे आकडे 36 तास आणि 470 ग्रॅम. व्याख्यानांत विष्ठेच्या स्लाइड दाखवायला बर्किट कचरत नसत.

बर्किटनी क्लीव्हचे ऋण मान्य केले, तरी नाव गाजले ते बर्किटचेच. ‘धान्यातला कोंडा काढून टाकू नका’ या क्लीव्हच्या सांगण्याचे बाजाराने ‘वरून घाला’ असे करून टाकले. कोंडा डब्यांत भरून विकला जाऊ लागला. 2000 साली अमेरिकेतल्या एका चाचणीत कोंडायुक्त सीरियल खाऊनही मोठ्या आतड्यातल्या गाठी पुन्हा होण्याचे प्रमाण कमी झाले नाही.

म्हणून चोथा, म्हणजेच फायबर, निरुपयोगी ठरत नाही. 185 निरीक्षणात्मक अभ्यास आणि 58 चाचण्या एकत्र तपासणाऱ्या 2019 च्या ‘लॅन्सेट’मधल्या आढाव्यात भरपूर फायबर खाणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने किंवा एकूणच कोणत्याही कारणाने होणारे मृत्यू 15 ते 30 टक्के कमी आढळले. दिवसाला 25 ते 29 ग्रॅम पोटात गेले की बराचसा फायदा पदरात पडतो. आपल्याला न पचणारा हा भाग मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात. त्यातून तयार होणारे ब्युटिरेट हे तिथल्या पेशींचे मुख्य इंधन. ओट्समधला बुळबुळीत फायबर पित्ताम्ले बांधून घेतो, त्यामुळे कोलेस्टेरॉल उतरते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांनुसार 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम फायबर आहे, बाजरी-नाचणीत 11, पांढऱ्या तांदळात आणि मैद्यात 3 देखील नाही. अख्ख्या हरभऱ्यात 25! पेरूही साडेआठपर्यंत जातो. मात्र आठवड्याभरात एकदम उसळींचा मारा केला तर पोट गुबारते. जिवाणूंना सवय व्हायला वेळ लागतो, तेव्हा प्रमाण हळूहळू वाढवावे आणि पाणी भरपूर प्यावे. इसबगोल घेणाऱ्यांनी तर नक्कीच.