चिठ्ठीवर नाव हवंच

रोमच्या त्रास्तेवेरे भागातल्या सांता मारिया बॅसिलिकेत २५ डिसेंबरच्या दुपारी पंगत बसते. वर १२व्या शतकातलं सोनेरी मोझेइक, खाली लाल टेबलक्लॉथ. जेवायला रस्त्यावर झोपणारे, निर्वासित, वृद्धाश्रमातले आणि घर असूनही घरात दुसरं कुणी नसलेले. या पंगतीचे फोटो दरवर्षी छापून येतात. फोटोत न येणारं काम मात्र कितीतरी आठवडे आधीच एका खोलीत, वह्या आणि याद्या घेऊन सुरू झालेलं असतं. नोकरीनिमित्त रोमला आल्यावर मी त्या खोलीत पोचले ती वसईच्या एका सिस्टरमुळे. "मराठी बोलायला कुणी नाही म्हणून कुढत बसू नकोस," त्या म्हणाल्या, "शनिवारी ये. बोलत बोलत भेटी बांधू."

भेटी बांधणं म्हणजे चकचकीत कागद आणि रिबिनी, अशी माझी समजूत होती. सिस्टरनी माझ्यापुढे आधी वही सरकवली. प्रत्येक पाहुण्याचं नाव, बुटाचं माप, गेल्या वर्षी काय दिलं, कोण कुठे झोपतं. थंडीत उघड्यावर झोपणाऱ्याला स्लीपिंग बॅग. गुडघे धरलेल्या आजींना गरम शाल, पण तपकिरी नको, कारण तो रंग त्यांना अजिबात आवडत नाही. ‘पुरुष, मध्यमवयीन’ अशी चिठ्ठी लावलेलं एकही पुडकं खोलीबाहेर जात नाही. ही माहिती कुणी फॉर्म भरून घेतलेली नसते. वर्षभर संध्याकाळी रस्त्यावर जेवण वाटताना ओट्यावर, पायरीवर शेजारी बसून गप्पा मारलेल्या असतात, त्यातून ती येते. मला या सगळ्या कामात सर्वांत मोलाची वाटते ती ही वही.

हे जेवण मांडणारी सांत एजिदिओ ही संस्था आंद्रेआ रिकार्दी यांनी १९६८मध्ये सुरू केली. तेव्हा ते १८ वर्षांचे होते, शाळेतच शिकत होते. नाताळचं पहिलं जेवण १९८२चं, याच बॅसिलिकेत. एकच टेबल आणि साधारण वीस पाहुणे: ओळखीतले एकटे म्हातारे आणि काही बेघर माणसं. इटलीत नाताळचं जेवण घरच्यांबरोबर करायचं असतं. ज्यांना घरचं कुणी नाही त्यांनी त्या दुपारी जायचं कुठे, इतका साधा प्रश्न होता. आज असं जेवण सत्तरहून अधिक देशांत होतं, काही ठिकाणी तुरुंगांतही.

नावाचा एवढा आग्रह कशासाठी, हे सिस्टरनी मला एका बाईंची गोष्ट सांगून समजावलं. मोदेस्ता वालेंती, वय ७१. तेर्मिनी स्टेशनच्या आसऱ्याने राहायच्या. ३१ जानेवारी १९८३ रोजी त्या आजारी पडल्या. अंगावर उवा आहेत म्हणून आलेल्या अँब्युलन्सने त्यांना घ्यायला नकार दिला आणि कितीतरी वेळ ताटकळून त्या तिथेच गेल्या. दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ प्रार्थना होते, त्यात रस्त्यावर मरण पावलेल्या इतरांचीही नावं एकेक करून वाचतात. रोम महापालिकेच्या दफ्तरात आता ‘विया मोदेस्ता वालेंती’ नावाचा रस्ता आहे. नकाशावर तो सापडणार नाही. बेघर माणसाला रहिवासी म्हणून नोंद करता यावी, डॉक्टर मिळावा, कागदपत्रं व्हावीत, यासाठी तो पत्ता ठेवलेला आहे. हे ऐकल्यापासून मी चिठ्ठीवर नाव लिहिताना स्पेलिंग दोनदा तपासते.

टेबलं लावायची म्हणजे लग्नातल्या पंगतीइतकीच डोकेफोड. कुणाचं कुणाशी पटत नाही, कुणाला ऐकू येत नाही, कुणाला दात नाहीत. बाहेर झोपायची सवय झालेल्या काहींना भिंतीकडे बसवलं की घुसमटतं. त्यांना दाराजवळची खुर्ची. आणि सामान! ज्याचं सगळं घर दोन पिशव्यांत असतं, त्याचा घास पिशव्या नजरेआड झाल्या की घशाखाली उतरत नाही. म्हणून पिशव्या सांभाळायला एक माणूस नेमलेला असतो आणि तो जागचा हलत नाही.

मिस्सा संपली की बाकं हलतात आणि टेबलं येतात. मग लासान्या, खिम्याचा भाजलेला रोल, मसूर, कुस्करलेला बटाटा, शेवटी पानेत्तोने. आमच्या टेबलावर मुसलमान पाहुणे असतात, तेव्हा खिमा डुकराचा नाही ना, हे मी आधी स्वयंपाकघरात जाऊन विचारून येते. स्वयंसेवकांनी नुसतं वाढायचं नाही, बसून जेवायचंही. २००९च्या २७ डिसेंबरला पोप बेनेडिक्ट सोळावे विया दांदोलोवरच्या संस्थेच्या खानावळीत आले, तेही गरिबांच्याच टेबलावर बसून जेवले.

पण मला सर्वांत जास्त शिकवलं ते उलट्या दिशेने आलेल्या भेटींनी. वृद्धाश्रमातल्या एका आजी वर्षभर लोकरीच्या टोप्या विणतात आणि आम्हा वाढणाऱ्यांना वाटतात. तेर्मिनीजवळ झोपणाऱ्या एका गृहस्थांनी कोटाच्या आतल्या खिशातून चॉकलेटचं पाकीट काढून माझ्यापुढे धरलं. दुसऱ्या कुणीतरी त्यांना दिलेलं, जपून ठेवलेलं. माझ्या तोंडून "अहो, तुम्हीच खा" निघणार, तोच सिस्टरनी टेबलाखालून माझा हात दाबला. नंतर भांडी उचलताना म्हणाल्या, "या माणसाला दिवसभर सगळे देतातच, बाळ. त्याच्या हातचं घेणारं कुणी नसतं. तू घे, आणि त्याच्यासमोरच खा." मी खाल्लं, आजूबाजूला वाटलंही. गृहस्थ खुर्चीत ताठ बसून ‘अजून घ्या’ असा आग्रह करत राहिले. अगदी आपल्याकडचे यजमान करतात तसाच.

ऐनवेळी आलेल्यांसाठी काही पुडकी राखून ठेवतात, पण त्यांच्याही चिठ्ठ्या कोऱ्या राहत नाहीत. नाव विचारायचं आणि तिथल्या तिथे लिहायचं. गुलाब विकणारा एक बांगलादेशी तरुण असाच अचानक आला होता. मोडक्यातोडक्या हिंदीत आमचं जमलं. पुढच्या नाताळला तो आमच्याबरोबर ताटं उचलायला उभा होता, आणि बंगाली बोलणाऱ्यांचं टेबल आम्ही त्याच्यावरच सोपवलं.

जेवणं आटोपली की सिस्टर वही घेऊन पुन्हा टेबलांमधून फिरतात. कुणाला काय आवडलं, कुणाला बूट घट्ट झाले. चॉकलेटवाले गृहस्थ त्यांची वाटच पाहत होते. नवा मफलर गळ्यात गुंडाळून म्हणाले, "हा छान आहे. पुढच्या वर्षी रेडिओ लिहा. छोटा चालेल, पण सेल घालून द्या."

सिस्टरनी लिहून घेतलं: रेडिओ, छोटा, सेलसकट.