जुन्या दुचाकीचा वारसा

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याने १९६१ पासून चेक बनावटीच्या ‘जावा’ व पुढे ‘येझदी’ दुचाक्या काढल्या. १९९६ साली कारखाना बंद पडला आणि उरलेल्या गाड्यांना संग्राहक मिळू लागले. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील वाहनांना ‘व्हिंटेज’ दर्जा दिला खरा. पण नव्या नोंदणीस शुल्क २०,००० रुपये, शिवाय सांगाडा वा इंजिन यांत फेरबदल नसावा, ही अट! हौशी धनिकास ती जड नाही. पिंपळनेरसारख्या गावी मात्र दुचाकी राबण्यासाठीच घेतली जाते; मिळेल तो भाग बसवूनच ती चालती राहते. राबलेल्या यंत्राला भंगाराचा भाव आणि जपून ठेवलेल्याला वारशाचा मान, हा कुठला न्याय? निदान दुरुस्तीसाठी केलेला बदल क्षम्य मानून शुल्क तरी उतरवावे.