पक्ष्यांशी बोलणारी बोआ

दोन दिवस शेजारीण गावाला गेली, तरी आपल्याला करमत नाही. मग वर्षानुवर्षं आपल्या भाषेत बोलायला कुणीच नसेल तर? अंदमानच्या बोआ सीनियर या आजींच्या वाट्याला हेच आलं. 'अका-बो' भाषा बोलणाऱ्या त्या शेवटच्या. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. माणसांशी त्या हिंदीत बोलत आणि आपल्या भाषेत पक्ष्यांशी! हे काही वेड नव्हतं. ग्रेट अंदमानी लोक पक्ष्यांना आपले पूर्वज मानतात.

१८५८ मध्ये इंग्रजांनी अंदमानात कैद्यांची वसाहत वसवली, तेव्हा या लोकांच्या दहा टोळ्या होत्या, प्रत्येकीची बोली वेगळी. बाहेरून आलेल्या रोगांनी गावंच्या गावं ओस पडली. १९६१ च्या जनगणनेत उरली अवघी १९ माणसं!

त्यांच्याबरोबर काय काय गेलं असेल? या बेटांवर कुठली फुलं फुलली, कसला वास सुटला, यावरून वर्षाचे दिवस ओळखले जात. २००४ च्या त्सुनामीतून बोआआजी वाचल्या. धरणी हलली तर पळू नका, हे वाडवडिलांनी सांगून ठेवल्याचं त्या सांगत.

दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातल्या भाषाशास्त्रज्ञ अन्विता अब्बी २००५ पासून स्ट्रेट बेटावर जाऊन हे सारं टिपू लागल्या. नाओ ज्युनियर यांना आधी जुन्या गोष्टी आठवेचनात. पण ऐकणारं माणूस समोर चिकाटीनं बसलं आणि हळूहळू आठवणींची गाठ सुटली. पुढे पुण्याचे डॉक्टर आणि पक्षीअभ्यासक सतीश पांडे यांच्यासह अन्विताताईंनी या लोकांच्या पक्षीज्ञानावर पुस्तकच केलं. ते २०११ मध्ये आलं. नाओ २००९ मध्ये गेले होते, बोआआजी २६ जानेवारी २०१० ला. थोडा उशीर झाला असता, तर विचारायचं कुणाला? २०२० मध्ये 'सारे' बोलीच्या शेवटच्या जाणकार लिचोही गेल्या.

मैत्रिणींनो, आपल्या घरातही एखादी आजी असते, जिला बांधावरचा प्रत्येक पाला नावानिशी ठाऊक असतो. ती बोलते, पण आपल्याला वेळ नसतो. या पावसाळ्यात एक वही घ्या आणि तिच्याजवळ बसा. नाव, उपयोग, कधी उगवतं, सगळं तिच्याच शब्दांत लिहून ठेवा.