बदामाच्या आकाराचे पान

कोल्हापूरच्या आसपास शेताच्या बांधावर, कडुलिंबाच्या किंवा आंब्याच्या झाडावर चढलेली गुळवेल तुम्ही पाहिली असेल. तिचे एक पान हातावर ठेवून नीट पाहा. देठाजवळ खाच आणि पुढे निमुळते टोक. जणू पत्त्यांतला बदामच! म्हणूनच शास्त्रज्ञांनी तिला टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया म्हटले. लॅटिन भाषेत 'कॉर' म्हणजे हृदय आणि 'फोलियम' म्हणजे पान. आपला चिकणा हा सिडा कॉर्डिफोलिया आणि सह्याद्रीतला हेदू हा हल्दिना कॉर्डिफोलिया. तिघांची कुळे निराळी, पण पानाचा आकार सारखा.

ग्रीक भाषेत हृदयाला 'कार्डिया' म्हणतात. कपाळफोडीच्या काळ्या बीवर पांढरा बदाम असतो. म्हणून लिनियसने १७५३ साली तिच्या नावात कार्डिओस्पर्मम, म्हणजे 'हृदयबीज', हा शब्द वापरला. हृदयरोगशास्त्राचे 'कार्डिऑलॉजी' हे नावही याच शब्दापासून आले.

डॉक्टरांच्या बोलण्यात 'कॉर'ही आहे. फुप्फुसाच्या विकारामुळे हृदयाच्या उजव्या भागावर ताण येऊन तो बिघडला, की त्याला 'कॉर पल्मोनेल' म्हणतात. मग हृदयाला रक्त पुरवणाऱ्या 'कोरोनरी' धमन्यांतही 'कॉर' असेल ना? इथेच आपण फसतो! हा शब्द 'कोरोना', म्हणजे मुकुट, यावरून आला. या धमन्या हृदयाला मुकुटासारख्या वेढतात.

नावावरून फसण्याचा धोका गुळवेलीतही आहे. पान हृदयासारखे म्हणून ती हृदयाचे औषध ठरत नाही. नाव केवळ आकार सांगते, गुण नव्हे. शिवाय तिची बहीण टिनोस्पोरा क्रिस्पा हिचीही पाने बदामाच्याच आकाराची! मात्र क्रिस्पाच्या खोडावर ठळक गाठी असतात.

करोनाच्या साथीत अनेकांनी गुळवेलीचा काढा घेतला. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी असा काढा घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. लोकांनी चुकून दुसरीच वेल वापरली असावी, असे आयुष मंत्रालयाने सुचवले. डॉक्टरांना मात्र ते पटले नाही. वाद कसाही सुटो, आपण एवढे ध्यानात ठेवावे: पान पाहून वेलीची ओळख पक्की होत नाही. खोड, फूल, फळ सारे पाहावे लागते. आणि ओळख पटली, तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढा पिऊ नये.