कामगार असल्याचा पुरावा

सफाई कामगाराची मजुरी सहसा एकदम बुडत नाही, थोडीथोडी बुडते. मुकादमाच्या वहीत हजेरी सव्वीस दिवसांची, पगारपत्रकावर रक्कम सरकारी किमान वेतनाची आणि हातात मात्र त्याहून बरीच कमी. पगार बँकेत जमा होऊ लागला तरी ही चोरी थांबतेच असे नाही. कुठे एटीएम कार्ड ठेकेदाराकडे ठेवून घेतात, तर कुठे पैसे काढून काही भाग परत आणून द्यायला सांगतात. भविष्यनिर्वाह निधीची कपात होते, पण ती खात्यात भरली गेली का, हे कामगाराला कळत नाही. मोठा फटका बसतो तो ठेका बदलताना. जुना ठेकेदार शेवटच्या दोन-तीन महिन्यांचा पगार न देताच निघून जातो. नवा ठेकेदार त्याच माणसांना त्याच रस्त्यांवर लावतो आणि मागची बाकी आपली नाही म्हणतो.

बाहेरगावच्या कामगाराच्या बाबतीत हे अधिक सोपे जाते. त्याचे रेशनकार्ड गावी असते, शहरात ओळखीपाळखीचे कोणी नसते आणि खोलीचे भाडे त्याच पगारातून जायचे असते. खानदेशाला ही स्थलांतराची गोष्ट दोन्ही बाजूंनी ठाऊक आहे. इथल्या जुन्या नगरपालिकांत पिढ्यान्‌पिढ्या सफाई करणाऱ्या मेहतर-वाल्मीकी कुटुंबांपैकी अनेकांचे पूर्वज उत्तरेकडून आणि गुजरातेतून आलेले. दुसरीकडे पारोळा, अमळनेर, धुळे या भागांतली माणसे पोटासाठी सुरतेला जात आली आहेत. उधना, लिंबायत, डिंडोली या तिथल्या वस्त्यांत अहिराणी सहज कानावर पडते. पारोळ्याच्या माणसाने नवापूरची हद्द ओलांडून तिथे झाडू हातात घेतला, की तो कायद्याच्या भाषेत आंतरराज्य स्थलांतरित कामगार होतो.

बुडालेली मजुरी वसूल करण्यातली खरी अडचण कायद्याच्या अभावाची नाही. आपण तिथे काम करत होतो, हे सिद्ध करणे सर्वांत अवघड जाते. हजेरीपुस्तक ठेकेदाराकडे, ओळखपत्र दिलेले नाही, नेमणुकीचा कागद नाही. एकट्या कामगाराचे म्हणणे अशा वेळी टिकत नाही. संघटनेची गरज इथे लागते.

याचे महाराष्ट्रातले ठळक उदाहरण मुंबईचे आहे. कचरा वाहतूक श्रमिक संघ 1997 साली स्थापन झाला आणि मिलिंद रानडे यांच्या पुढाकाराने कचऱ्याच्या गाड्यांवरचे ठेका कामगार त्यात एकत्र आले. त्यांतले बरेचसे दुष्काळी मराठवाड्यातून आलेले, दलित समाजातले. महापालिकेच्या कायम कामगारांच्या शेजारी उभे राहून ते तोच कचरा उचलत. पगार मात्र त्यांच्यापेक्षा कितीतरी कमी, आणि रजा, हातमोजे, गमबूट यांचीही वानवा.

संघाने किमान वेतनाची मागणी लावून धरली, तेव्हा ठेक्यांची रचनाच बदलत गेली. वीस किंवा अधिक कामगार असतील तर 1970 चा कंत्राटी कामगार कायदा लागू होत असे. म्हणून काम लहान लहान तुकड्यांत वाटून प्रत्येक तुकडीतली माणसे विसाच्या आत ठेवण्यात आली. ही पद्धत ‘हैदराबाद पॅटर्न’ म्हणून ओळखली जाते. दत्तक वस्ती योजनेत तर झाडणाऱ्याला ‘स्वयंसेवक’ म्हटले गेले आणि त्याच्या पैशाला ‘मानधन’. शब्द साधे दिसतात, पण त्यांनी माणसाचे कामगारपणच पुसले जाते. जो कामगारच नाही, त्याला कसले किमान वेतन आणि कसली थकबाकी?

संघाचे उत्तर चिकाटीचे होते. कोण कोणत्या गाडीवर, कोणत्या विभागात, कधीपासून काम करतो, याच्या याद्या तयार झाल्या. औद्योगिक न्यायाधिकरणाने 2014 मध्ये हे ठेके दिखाऊ ठरवले आणि सुमारे 2,700 कामगारांना महापालिकेचे कायम कामगार मानण्याचा आदेश दिला. मुंबई उच्च न्यायालयाने 2016 मध्ये तो उचलून धरला आणि एप्रिल 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कामगारांच्या बाजूने निकाल दिला. कायम झाल्यामुळे ठेक्याचा पगार आणि कायम पगार यांतला फरकही देणे लागला. त्यानंतरही शेकडो कामगार नावांच्या तपासणीत अडकले. ठेकेदाराने लिहिलेले नाव एक, आधार कार्डावरचे दुसरे. कुठे वडिलांचे नाव गाळलेले, कुठे आडनावाचे स्पेलिंग निराळे. वर्षानुवर्षे घाण उपसलेल्या माणसाने निकाल जिंकल्यावरही आपण तोच आहोत हे पटवत बसावे, हा अन्यायच होता.

परदेशातही घडण अशीच दिसते. कॅलिफोर्नियात मोठ्या किराणा दुकानांच्या फरशा रात्री पुसणारे कामगार मुख्यतः मेक्सिकोतून आलेले होते. सातही रात्री काम, जादा वेळेचा पैसा नाही आणि दुकानाचे म्हणणे, हे ठेकेदाराचे लोक. दोन हजारांवर कामगारांच्या एकत्रित दाव्यात 2004 च्या अखेरीस सुमारे 2 कोटी 24 लाख डॉलरची तडजोड झाली. ठेकेदारामागच्या मालकाला जबाबदार धरणे हा त्या लढ्याचा गाभा होता.

भारतीय कायद्यात ही जबाबदारी आधीपासून आहे. 1970 च्या कायद्याच्या कलम 21 नुसार ठेकेदाराने पगार थकवला, तर तो मुख्य मालकाने द्यायचा आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करायचा, असे होते. मुख्य मालक म्हणजे नगरपरिषद, रुग्णालय, कारखाना, ज्याच्या आवारात झाडू फिरतो तो. एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1982 साली किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणे ही घटनेच्या कलम 23 ने मनाई केलेली वेठबिगारी ठरवली.

21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता, 2019 अमलात आली. किमान वेतनाच्या दाव्याला पूर्वी सहा महिन्यांची मुदत होती, ती आता तीन वर्षे झाली. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा आहे. कामावरून काढल्यास दोन कामकाजाच्या दिवसांत. थकबाकीवर दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्याला आहे. पगार दिला हे सिद्ध करण्याचा भारही मालकावर आहे. मात्र कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी दुसऱ्या संहितेत गेल्या आणि तिथे विसाऐवजी पन्नास कामगारांची अट आली. लहान गावांतले बरेच ठेके त्यामुळे परवान्याच्या कक्षेबाहेर राहतील. वेतन संहितेला मात्र अशी संख्येची अट नाही.

दावा करताना कामगाराजवळ स्वतःची नोंदवही असावी: तारीख, गल्ली किंवा प्रभाग, गाडीचा क्रमांक, मुकादमाचे नाव, हाती आलेली रक्कम. गणवेशातला फोटो, बँकेचे पासबुक, भविष्यनिर्वाह निधीच्या खात्याचा उतारा, एकमेकांच्या साक्षी हे सगळे कामी येते. नगरपरिषदेने ठेकेदाराला किती माणसांचे बिल दिले, हे माहितीच्या अधिकारात मागता येते. बिलातली माणसे आणि रस्त्यावरची माणसे जुळली नाहीत, की तोच कागद कामगाराचा साक्षीदार होतो. पारोळ्यासाठी कामगार खात्याचे कार्यालय जळगावला आहे. अनेक कामगारांसाठी मिळून एकच अर्ज चालतो आणि तो कामगार संघटनाही करू शकते. सुरतेत मजुरी बुडाल्यावर गावी परतलेल्याला याचा मोठा आधार आहे, कारण दावा काम केलेल्या ठिकाणी चालतो आणि दर तारखेला रोज बुडवून तिकडे जाणे त्याला परवडत नाही.