धुक्यात चुकलेले वळण

विमानतळाचा नकाशा तुम्ही कधी निरखून पाहिला आहे काय? मधोमध लांब, सरळ धावपट्टी असते. तिच्या दोन्ही अंगांना अरुंद रस्त्यांचे जाळे असते. या रस्त्यांना टॅक्सी-वे म्हणतात. विमाने उभी करण्याच्या फरसबंद आवाराला एप्रन म्हणतात. एप्रनवरून निघालेले विमान टॅक्सी-वेने सावकाश चालत धावपट्टीच्या टोकाशी येते आणि परवानगी मिळाली की धाव घेते. धावपट्टीच्या टोकावर रंगवलेला आकडा म्हणजे धावेच्या दिशेचे अंश भागिले दहा. मुंबईच्या मुख्य धावपट्टीच्या पश्चिम टोकावर ०९ लिहिलेले असते, कारण तेथून पूर्वेकडे, म्हणजे सुमारे ९० अंशांवर, धाव घ्यायची असते.

हे सारे सोपे वाटते. पण एखाद्या अनोळखी विमानतळावर दाट धुक्यात हाच नकाशा मांडीवर घेऊन चालणे किती अवघड असते, ते इटलीतील मिलान शहराच्या लिनाते विमानतळावर ८ ऑक्टोबर २००१ रोजी दिसून आले.

त्या सकाळी तेथे जेमतेम २०० मीटरपर्यंतचेच दिसत होते. पश्चिमेकडच्या एप्रनवर सेसना सायटेशन जातीचे एक छोटे खाजगी जेट उभे होते. ते त्याच सकाळी जर्मनीतील कोलोनहून आले होते आणि पॅरिसला निघाले होते. त्यात दोन वैमानिक व दोन प्रवासी होते. पलीकडे स्कॅन्डिनेव्हियन एअरलाइन्सचे एम.डी. ८७ विमान ११० माणसांना घेऊन कोपनहेगनला निघण्याच्या तयारीत होते.

पश्चिम एप्रनवरून दोन वाटा फुटत. आर-५ ही वाट उत्तरेकडून धावपट्टीच्या टोकाला वळसा घालून जाई. आर-६ ही आग्नेयेकडे जाऊन धावपट्टीलाच आडवी छेदत असे. नियंत्रकाने सेसनाला आर-५ ने जाण्यास सांगितले. वैमानिकाने रेडिओवर तो आकडा अचूक परत म्हणून दाखवला. ऐकलेली आज्ञा उलट म्हणून दाखवावी हा विमानवाहतुकीतील फार जुना व शहाणपणाचा नियम आहे. मात्र त्यातून वैमानिकाने काय ऐकले एवढेच कळते; चाके कोणत्या वाटेला लागली हे कळत नाही. सेसना आर-६ ला लागले.

यानंतरचा प्रसंग बारकाईने वाचा. थोडे पुढे गेल्यावर वैमानिकाने कळवले की आपण ‘एस-४’ या खुणेजवळ येत आहोत. ही खूण आर-६ वर खरोखरच रंगवलेली होती, पण नियंत्रकाच्या नकाशात ती नव्हतीच! विमान आर-५ वरच असणार अशी नियंत्रकाची खात्री होती. त्याने पुढे जाण्याची परवानगी दिली. म्हणजे चूक उघडकीस आणणारा एकमेव शब्द वैमानिकाने उच्चारला होता, आणि तो ओळखण्याचे साधन ऐकणाऱ्याजवळ नव्हते.

वाटेत जमिनीवर रंगवलेली थांबण्याची सूचना होती, फलक होता, तांबड्या दिव्यांची आडवी रांगही होती. सेसना ती ओलांडून गेले. ही रांग मनोऱ्यातून लावता-विझवता येत नव्हती. जो तांबडा दिवा परवानगी मिळाल्यावरही तांबडाच राहतो, त्याचा धाक कितीसा उरणार? धुक्यातही जमिनीवरची विमाने दाखवू शकणारे रडारही त्या दिवशी नव्हते. जुने काढून टाकले होते. नवे अद्याप सुरू झाले नव्हते. मोठे विमान निराळ्या रेडिओ-लहरीवर बोलत होते, त्यामुळे सेसनाचे संभाषण त्याच्या वैमानिकांच्या कानी पडणे शक्य नव्हते.

आता थोडे गणित करू. टक्कर झाली तेव्हा एम.डी. ८७ चा वेग ताशी सुमारे २७० किलोमीटर होता, म्हणजे सेकंदाला ७५ मीटर. समोरचे २०० मीटरपर्यंतच दिसत असेल तर अडथळा नजरेस पडल्यापासून आदळेपर्यंत २०० भागिले ७५, म्हणजे पावणेतीन सेकंदांहूनही कमी वेळ मिळतो. डोळ्यांनी पाहून मेंदूने ओळखेपर्यंत त्यातला एखादा सेकंद सरतो. या वेगात ब्रेक लावून थांबणे तर अशक्यच. विमानाचे नाक अखेरच्या क्षणी आणखी वर खेचले गेल्याचे त्याच्या नोंदयंत्रात आढळले. उजवे इंजिन तुटून पडले, विमान काही क्षण हवेत राहिले आणि धावपट्टीपलीकडच्या सामानाच्या इमारतीवर आदळले. दोन्ही विमानांतील सर्व ११४ आणि इमारतीतील ४ कर्मचारी असे ११८ जण दगावले.

अशी घटना फक्त धुक्यातच घडते असे समजू नका. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील क्विन्सी येथे १९ नोव्हेंबर १९९६ रोजी पुरेसे स्वच्छ दिसत असताना उतरते प्रवासी विमान आणि छेदणाऱ्या धावपट्टीवरून उड्डाणास निघालेले खाजगी किंग एअर विमान यांची टक्कर होऊन १४ जण मृत्युमुखी पडले. तेथे नियंत्रण मनोरा नव्हता; वैमानिकांनी आपसात बोलून वाट ठरवायची. उतरणाऱ्या वैमानिकांनी विचारले, तुम्ही थांबणार ना? उत्तर दिले ते मागे उभ्या असलेल्या तिसऱ्याच छोट्या विमानाने, आणि ते किंग एअरचेच उत्तर समजले गेले.

लिनातेसारख्या चुका पकडण्यासाठी आता अनेक मोठ्या विमानतळांवर एक सुंदर युक्ती वापरतात. विमानातील ट्रान्सपॉन्डर यंत्र रेडिओ-संदेश पाठवते. तो आवारात ठिकठिकाणी बसवलेल्या ग्राहकयंत्रांवर किंचित निरनिराळ्या वेळी पोहोचतो. या वेळांतील फरकांवरून विमानाची जागा काढता येते. रेडिओ-लहर एका मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या दशलक्षाव्या भागात, ३०० मीटर जाते. तेव्हा विमान कोणत्या टॅक्सी-वेवर आहे हे ओळखायला या ग्राहकयंत्रांची घड्याळे किती अचूक हवीत? दोन वाटांमधील अंतर ३० मीटर धरा आणि वहीत करून पाहा.